मधल्या शहरातली दुपार

मुलीकडे पोचायला दोन विमानं लागणार होती आणि दोन विमानांच्या मधे एक अख्खा दिवस होता. तिकिटं जावयाने काढली होती. "बाबा, मधे एका शहरात उतरावं लागेल. खोली विमानकंपनीच देते. मस्त आंघोळ करा, झोपा, संध्याकाळी गाडी न्यायला येईल," असं त्याने फोनवर समजावलं होतं. ड्रायव्हरसाहेब नुसतं "बरं" म्हणाले होते. सगळी नोकरी त्यांनी बस चालवण्यात घालवली. मधल्या स्टॉपवर लोकांना चहापाण्याला उतरवायचं काम त्यांचं. आता आपल्यालाच कोणी असं उतरवतंय, याची त्यांना मनातल्या मनात गंमत वाटत होती.

विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि गरम हवा एकदम अंगावर आली.

"बोनेट उघडल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले.

त्यांच्या मागे टेलरबाई होत्या. त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती, त्यामुळे त्या हाताने चाचपत चालत होत्या. त्यांनी ड्रेसच्या टोकाने काचा पुसल्या. प्रवासासाठी मुद्दाम शिवलेला, मोठ्या खिशांचा सुती ड्रेस होता तो. चष्मा डोळ्यावर चढवून त्यांनी समोरची गर्दी पाहिली आणि ड्रायव्हरसाहेबांच्या बॅगेचा पट्टा पकडला. हात धरायची अजून दोघांना सवय नव्हती.

त्यांच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. दोघंही साठीच्या आसपासचे. ड्रायव्हरसाहेबांची पहिली बायको जाऊन बराच काळ लोटला होता, टेलरबाई तर ऐन तरुणपणी एकट्या पडल्या होत्या. त्यांचं शिवणकामाचं दुकान बसडेपोच्या समोर. ड्रायव्हरसाहेब निवृत्त झाले तरी डेपोच्या बाजूला फेरी मारायचे, आणि जाता जाता दुकानात शर्टाचं बटण लावून घ्यायचे. आज बाहीचं, परवा खिशाचं. बटणं मुद्दाम ओढून तोडलेली असायची हे टेलरबाईंना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. दोन वर्षं त्या गुपचूप बटणं लावत राहिल्या. शेवटी एक दिवस ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं, आणि त्या मशीन न थांबवता "चालेल" म्हणाल्या.

हॉटेलची गाडी शहरात शिरली आणि एका बाजाराच्या रस्त्यात अडकली. दोन्ही बाजूंना कापडाची दुकानं. ताग्यांवर तागे रचलेले, काही तर फुटपाथवरच. एक जण स्कूटरवर मागे-पुढे कापडाची गुंडाळी बांधून गर्दीतून वाट काढत होता. दुसरा खांद्यावर दुकानातला उघडा पुतळा घेऊन रस्ता ओलांडत होता, आणि पुतळ्याचा हात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्याला लागत होता. हॉर्न, घामाचा आणि तळणाचा वास, डोक्यावर तारांची जाळी. टेलरबाई काचेला नाक लावून बघत राहिल्या.

"असा बाजार असतो होय," एवढंच त्या म्हणाल्या.

खोली खूप वर होती. कार्डाने दार उघडलं, पण आत दिवे काही लागेनात. ड्रायव्हरसाहेबांनी दिसतील ती सगळी बटणं दाबून पाहिली. घाटातली गाडी धुक्यात चालवणारा माणूस, पण एका खोलीपुढे त्यांनी हात टेकले.

"दिवसाढवळ्या दिवे कशाला हवेत?" असं म्हणून त्यांनी पडदा सरकवला आणि ते घाम पुसत बसले.

थोड्या वेळाने टॉवेल घेऊन एक मदतनीस बाई आली. तिने दोघांकडे पाहिलं, टेबलावरचं कार्ड उचललं आणि दाराजवळच्या खाचेत सरकवलं. त्यासरशी दिवे, थंड हवा, टीव्ही सगळं एकदम सुरू झालं. टीव्हीवर कुणीतरी मोठ्याने गात होतं. तिघंही हसू लागले. बाईने टेलरबाईंच्या दंडावर हलकेच थोपटलं आणि ती गेली.

दार लागलं आणि खोलीत दोघंच उरले.

घरी त्यांना असं बंद दार कधी मिळालंच नव्हतं. घरात ड्रायव्हरसाहेबांची म्हातारी आई होती. तिला रात्री कुशीवर वळवावं लागायचं, म्हणून ते बाहेरच्या खोलीत तिच्या खाटेशेजारी झोपायचे. टेलरबाई आतल्या खोलीत, परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पुतणीबरोबर. धाकटा भाऊ, भावजय, त्यांची येणारी-जाणारी माणसं. एकमेकांशी काही बोलायचं असलं तर भाजी आणायला निघताना नाहीतर दुकानात मशीनच्या आवाजात. ही सगळी माणसं चांगलीच होती, पण होती सगळी घरातच.

इथे मात्र एक भलामोठा पलंग होता आणि त्याच्या दोन टोकांना दोघं बसले होते.

"तुम्ही आधी आंघोळ करून घ्या," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"नाही, तुम्ही घ्या. तुम्हाला जास्त घाम आलाय."

"नको, नको. तुम्ही घ्या."

"आपण काय आत्ताच स्टँडवर भेटलोय का हो?" टेलरबाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना. ड्रायव्हरसाहेबही हसले. पण त्यांच्या तोंडून 'तुम्ही' सुटत नव्हतं. ज्या बाईसमोर इतकी वर्षं शर्ट पुढे करून "जरा एवढं बघता का" म्हटलं, तिला एकेरी हाक मारायची कशी?

आंघोळी झाल्या. दोघांनी खोलीतल्या किटलीत चहा केला. तो पाणचट झाला, तरी दोघांनी छान म्हणून प्यायला. मग टेलरबाईंनी दिवसभर मनात घोळत असलेला प्रश्न काढला.

"लेकीला सांगितलंत ना, मीही येतेय म्हणून?"

"सांगितलं की. दोघं येतोय म्हटलं."

"मग ती काय म्हणाली?"

"ठीक आहे म्हणाली."

"ठीक आहे, कसं म्हणाली?"

"कसं म्हणतात ठीक आहे? ठीक आहे, असं."

टेलरबाईंनी कप खाली ठेवला. ड्रायव्हरसाहेबांच्या मुलीला त्या तिच्या बापापेक्षा जास्त ओळखत होत्या. आई गेल्यावर शाळेचे गणवेश, पुढे कॉलेजचे ड्रेस, थेट लग्नातले कपडेसुद्धा त्यांनीच शिवले होते. शाळा सुटली की ती दुकानात येऊन चिंध्यांच्या ढिगावर पाय पसरून बसायची. कुठल्या मैत्रिणीशी भांडण झालं, कोण मुलगा मागे लागलाय, सगळं आधी टेलरमावशीला कळायचं. लग्न होऊन परदेशी गेली तरी दर रविवारी तिचा फोन यायचा. आणि मग एका रविवारी तिला बापाच्या तोंडून कळलं की त्याने आणि टेलरमावशीने लग्न केलंय. तेव्हापासून मावशीला फोन नाही. बापाशी बोलताना "त्या बऱ्या आहेत ना?" एवढंच. त्या.

"तिला बाळ झालं, तेव्हा मी तीनदा कापड कापायला घेतलं," टेलरबाई म्हणाल्या. "तीनदा घडी घालून ठेवून दिलं. म्हटलं, तिने घातलंच नाही तर? आता रिकाम्या हाताने चाललेय."

 ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "आपली बॅग भरलेली आहे की."

"तुमच्या बॅगेत लोणचं आहे. मी माझ्या हाताचं म्हणतेय."

मग त्या म्हणाल्या, "खाली तो बाजार होता ना, गाडीतून दिसला तो. जाऊन येऊ या का? नुसतं बघून."

बाहेर ऊन रणरणत होतं. ड्रायव्हरसाहेबांना त्या थंडगार खोलीतून हलायचं जिवावर आलं होतं. पण टेलरबाईंनी स्वतःहून काही मागितलं असं फारसं घडत नसे. ते बूट घालायला लागले.

बाजार जवळच निघाला. टेलरबाई कापडाला हात लावत, चुरगळून पाहत, उजेडात धरत पुढे जात होत्या. घरी त्या बेताने बोलणाऱ्या, पण इथे त्यांची नुसती बडबड चालली होती. हे बघा, हे धुतलं की आटणार. हे उन्हाळ्याला उत्तम. याचा रंग पहिल्या पाण्यात जाईल, लिहून ठेवा. ड्रायव्हरसाहेब काही लिहून ठेवत नव्हते, ते त्यांच्याकडेच बघत होते. मात्र ऊन डोक्यात शिरत होतं आणि शर्ट पाठीला चिकटला होता. समोर एका गाडीवर फळांचा रस दिसला.

"तुम्ही इथेच थांबा. या पुतळ्यापाशी. मी रस घेऊन येतो."

"हो," टेलरबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष एका निळ्या ताग्यावर होतं.

रसाच्या गाडीवर गर्दी होती. ड्रायव्हरसाहेब दोन्ही हातांत ग्लास सांभाळत परत आले, तर पुतळा जागेवर होता आणि टेलरबाई नव्हत्या.

आधी त्यांना वाटलं, आपलाच पुतळा चुकला. तसले पुतळे दर दुकानापुढे होते. ते थोडे पुढे गेले, मग मागे आले. फोन लावावा, तर टेलरबाईंचा फोन खोलीत चार्जिंगला लावलेला होता. ते स्वतःच म्हणाले होते, राहू दे, आपण दोघं बरोबरच आहोत. गर्दी त्यांना ढकलत पुढे नेत होती आणि रस हातावर सांडत होता. सगळ्यांचे चेहरे घामाने चमकत होते आणि त्यांतला एकही ओळखीचा नव्हता. या शहरात टेलरबाईंना कुणाची भाषा येत नव्हती. हॉटेलचं नाव त्यांना माहीत नव्हतं. ते तर ड्रायव्हरसाहेबांनाही नीट म्हणता येत नव्हतं.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पहिली बायको गेली तेव्हा ते ड्युटीवर होते. डेपोत गाडी लावून उतरले, तेव्हा कुणीतरी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. आता त्या भर उन्हात त्यांना तो हात पुन्हा खांद्यावर जाणवला.

"अहो," त्यांनी हाक मारली. "अहो, ऐकलंत का."

कोण बघणार? मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि डेपोतल्या गोंगाटातून कंडक्टरला हाक मारायचे त्या आवाजात ते ओरडले, "टेलरबाई. ओ टेलरबाई."

आजूबाजूची माणसं दचकून बाजूला झाली. आणि पलीकडच्या एका दुकानाच्या अगदी आतून टेलरबाई घाईघाईने बाहेर आल्या. त्यांच्या खांद्यावर निळ्या कापडाचं टोक होतं. तागा मागे दुकानदार बाईच्या हातात होता. टेलरबाई जसजशा पुढे येत होत्या तसतसं कापड उलगडत होतं, आणि दुकानदार बाई तागा कवटाळून त्यांच्यामागे पळत होती.

"कुठे गेली होतीस?" ड्रायव्हरसाहेब म्हणाले.  "इथे थांब म्हटलं होतं ना तुला? किती शोधायचं माणसाने?"

 टेलरबाईंनी आधी त्यांच्या हातातले ग्लास काढून घेतले. उन्हाने ड्रायव्हरसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता. दुकानदार बाईने ते पाहिलं, एक स्टूल पुढे ओढलं आणि पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. ड्रायव्हरसाहेब बसले. ग्लासात जेवढा रस उरला होता तो टेलरबाईंनी त्यांना घोट-घोट पाजला.

तेवढ्यात ड्रायव्हरसाहेबांच्या खिशातला फोन वाजला. मुलीचा व्हिडिओ कॉल होता.

"बाबा, पोचलात का हॉटेलवर? हे काय? कुठे आहात? एवढा घाम?"

"बाजारात आहे."

"असल्या उन्हात? डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला? आणि एकटेच निघालात?"

"एकटा कसा? ही आहे की. म्हणजे, हीच हरवली होती."

 मग मुलगी म्हणाली, "फोन द्या तिच्याकडे."

टेलरबाईंनी फोन हातात घेतला. कापड अजून खांद्यावरच होतं. वर्षभरात दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

"मावशी, तुला काही कळतं का गं?" मुलगी म्हणाली. "ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत त्यांच्या. भर दुपारी बाजारात फिरवतेस? निदान टोपी तरी घालायला लावायचीस."

"चुकलं माझं."

"आणि तू कशी हरवलीस? तुझा फोन कुठाय?"

"खोलीवर. चार्जिंगला."

"चार्जिंगला. शाबास."

इतकं बोलून झाल्यावर आपण कुणाला रागावतोय हे तिच्या ध्यानात आलं असावं. ती नजर वळवून बाजूला बघायला लागली. टेलरबाई फोन घट्ट धरून उभ्या होत्या.

"खांद्यावर काय आहे ते?" मुलीने विचारलं.

"कापड. तुझ्यासाठी बघत होते. घेतलं नाहीये अजून. तुला नको असेल तर..."

"न विचारताच घ्यायला निघालीस?" मुलगी म्हणाली. "तू सगळंच न विचारता करतेस. मी तुला एवढ्या एवढ्या गोष्टी सांगायचे, आणि तू एवढी मोठी गोष्ट माझ्यापासून लपवलीस. दर रविवारी बोलत होतो आपण."

दुकानदार बाई ताग्याचं टोक धरून गपचूप उभी राहिली. तिला शब्द कळत नव्हते, पण काहीतरी महत्त्वाचं चाललंय हे कळलं होतं.

"हो, विचारायला हवं होतं," टेलरबाई म्हणाल्या. "भीती वाटली गं. तू नाही म्हणाली असतीस तर मी हे लग्न केलं नसतं. आणि मला तर करायचं होतं."

स्टुलावर बसलेले ड्रायव्हरसाहेब रिकाम्या ग्लासाकडे बघत राहिले.

 मुलीच्या मागे बाळ रडायला लागलं. "थांब, उठली ही," म्हणून ती गेली. फोनवर नुसतं छत दिसत होतं, पण टेलरबाईंनी तो खाली केला नाही. थोड्या वेळाने ती बाळाला खांद्यावर घेऊन परत आली. बाळाच्या डोक्याची मागची बाजू तेवढी दिसत होती, विरळ जावळाची.

"निळं नको," मुलगी म्हणाली. "शाळेच्या गणवेशासारखं दिसतं."

"मग कुठलं?"

"दुसरं दाखव."

टेलरबाईंनी दुकानदार बाईकडे पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने एक एक तागा काढून फोनसमोर धरायला सुरुवात केली. हे नको. ते फार भडक आहे. ते आजीला शोभेल. शेवटी मुलगी म्हणाली, "ते बाजूचं. नाही, त्याच्या खालचं. हां." पिकल्या जांभळाच्या रंगाचं, मऊसूत कापड होतं.

"आणि त्यातलंच हिला एक झबलं होईल," टेलरबाई बाळाकडे बघत म्हणाल्या.

"माझं माप बदललंय आता. जाड झालेय मी."

"आल्यावर घेईन."

"मला अजून राग आहे हां, मावशी."

"असू दे."

"आल्यावर बोलू. आधी बाबांना घेऊन खोलीवर जा आणि गार पाणी पाज." तिने फोन ठेवला.

टेलरबाईंनी कापड बांधून घेतलं. दुकानदार बाईने वरून जांभळ्या दोऱ्याचं एक रीळ पिशवीत टाकलं. विमानतळावर बॅगेचा पट्टा धरणाऱ्या टेलरबाईंनी परतताना ड्रायव्हरसाहेबांचा हात धरला. त्यांचा तळवा रसाने चिकट झाला होता.

"मगाशी एकेरी निघालं तोंडातून," ते म्हणाले. "चारचौघांत ओरडलो. रागावू नका."

"निघालं ते राहू दे आता. परत 'तुम्ही' नका करू."

ते थोडं अंतर तसेच चालले. मग त्यांनी विचारलं, "तू तिला म्हणालीस ते खरं?"

"काय?"

"करायचं होतं म्हणालीस ते."

"बटणं लावून कंटाळले होते," टेलरबाई म्हणाल्या.

ड्रायव्हरसाहेब रस्त्यातच थांबले. "तुला माहीत होतं?"

"चला, ऊन लागतंय."

खोलीवर आल्यावर टेलरबाईंनी त्यांना आडवं केलं, टॉवेल ओला करून कपाळावर ठेवला आणि बूट-मोजे काढले. टाचांना फोड आले होते. त्या पलीकडच्या टोकाला बसायला निघाल्या, तसं ड्रायव्हरसाहेबांनी त्यांचं मनगट पकडलं.

"इकडेच पड. जागा आहे."

त्या पडल्या. उघड्या पडद्यातून पांढरं ऊन आत येत होतं आणि खाली खोल कुठेतरी हॉर्न वाजत होते. ड्रायव्हरसाहेबांना आईची आठवण आली. आज तिला कुशीवर कोण वळवेल, भाऊ लक्ष देईल ना, असं ते म्हणत होते. टेलरबाई "देईल हो, देईल" म्हणाल्या. मग त्या पहिल्या नवऱ्याबद्दल बोलल्या. तो शीळ फार छान घालायचा, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरसाहेबांनी ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, मला शीळ येत नाही. टेलरबाई म्हणाल्या, नाही आली तरी चालेल. बोलता बोलता दोघांना गाढ झोप लागली, ती खालून फोन आला तेव्हाच मोडली. गाडी दारात येऊन उभी होती. एकच धावपळ उडाली. ड्रायव्हरसाहेबांनी ओला टॉवेलच बॅगेत भरला आणि टेलरबाईंना तो काढून परत ठेवावा लागला.

विमानतळावर दुसऱ्या विमानाची वाट पाहत ते काचेजवळच्या खुर्च्यांवर बसले. टेलरबाईंनी कापडाची पिशवी सामानात दिली नव्हती. ती मांडीवर होती. ड्रायव्हरसाहेबांचा फोन किणकिणला. त्यांनी चष्मा लावला आणि मुलीचा निरोप अडखळत वाचून दाखवला.

"इथे थंडी आहे. मावशीकडे स्वेटर आहे का?"

ते टेलरबाईंकडे वळले. "आहे ना तुझ्याकडे? करडा, तू विणलेला. बॅगेत सगळ्यात वर ठेवलास तो."

"आहे," टेलरबाई म्हणाल्या. त्यांनी थोडा विचार केला. "पण नाही म्हणून कळवा."

"अगं, आहे ना?"

"नाही म्हणा. म्हणजे ती घेऊन येईल."

ड्रायव्हरसाहेब एका बोटाने, एक एक अक्षर शोधत लिहायला लागले. टेलरबाई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या आणि 'नाही'ला वेलांटी कुठली ते सांगत होत्या.